कुलूप न लागणारी मालमत्ता

१७४१ साली ब्रिटिश संसदेने एक कायदा केला. मेंढी किंवा ‘इतर गुरे’ चोरणाऱ्याला फाशी. कायदा न्यायाधीशांच्या हाती पडला आणि त्यांनी त्यातल्या दोन शब्दांवर बोट ठेवले. ‘इतर गुरे’ म्हणजे नेमकी कोणती? इतक्या मोघम शब्दांवर माणसाला फासावर चढवता येणार नाही, असे म्हणून त्यांनी तो कायदा फक्त मेंढीपुरता लावला. त्यामुळे मेंढी पळवली तर मरण आणि तिच्यापेक्षा कितीतरी महाग गाय पळवली तर सौम्य शिक्षा, असा मामला झाला. पुढच्याच अधिवेशनात संसदेने मुकाट्याने यादी करून दिली: वळू, गाय, बैल, गोऱ्हा, कालवड, वासरू, कोकरू. घोड्यांच्या बाबतीत हे दोनशे वर्षे आधीच होऊन गेले होते. सहाव्या एडवर्डच्या काळातल्या कायद्यात ‘घोडे’ असे अनेकवचन होते. एकच घोडा चोरणाऱ्याला तो लागू होतो का, अशी न्यायाधीशांना शंका आली आणि पुढल्या वर्षी एकवचनी घोड्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. हे दोन्ही किस्से विल्यम ब्लॅकस्टोन या अठराव्या शतकातल्या कायदेपंडिताने नोंदवून ठेवले आहेत.

वाचताना हसू येते. पण न्यायाधीशांचा हा काथ्याकूट पुष्कळदा आरोपीची मान वाचवण्यासाठी असे. ज्या देशात दोनशेच्या आसपास गुन्ह्यांना फाशी होती, तिथे अनेकवचन हासुद्धा आधार होता. पुढे १८२७च्या कायद्यात मेंढा, मेंढी, कोकरू असे वेगवेगळे शब्द आले, तेव्हा आरोपपत्रात एक जनावर आणि पुराव्यात दुसरे निघाले एवढ्यावरूनही आरोप कोसळू शकत असे.

एवढी कठोरता कशासाठी? जनावर महाग होते हे उत्तर पुरत नाही. दुकानातला माल किंवा घरातली चांदी चोरली, तर शिक्षा मालाच्या किमतीवर ठरे. त्यामुळे दयाळू पंच किंमत मुद्दाम कमी धरत आणि आरोपीला फाशीच्या मर्यादेखाली आणून सोडत. मेंढीच्या बाबतीत ही पळवाट नव्हती. मरतुकडी असो वा धष्टपुष्ट, किमतीचा प्रश्नच नव्हता. त्यामागचे कायदेपंडितांचे म्हणणे सरळ होते. कपाटाला कुलूप लागते, दुकानाला फळ्या लागतात. पण रात्रभर उघड्या माळावर उभ्या असलेल्या कळपाला काय लावणार? ज्या मालमत्तेची राखण करता येत नाही, तिची राखण भीतीने करायची. कुलपाच्या जागी फास.

आणि हा कायदा आला तोवर मोकळ्या माळाचेच रूप पालटू लागले होते. इंग्लंडच्या खेड्यांत सामाईक कुरणे होती, आपल्याकडच्या गायरानासारखी. गरिबाची एखादी गाय, दोन-चार मेंढ्या, हंसांचा थवा तिथे चरे, सरपण तिथूनच येई. अठराव्या शतकाच्या मध्यापासून पुढच्या शंभर वर्षांत संसदेने गावोगावच्या या जमिनींना कुंपण घालण्याचे सुमारे ४,००० कायदे केले. कुंपणाच्या आत जमीनदाराची मेंढी आली आणि बाहेर शेतमजूर राहिला. त्याच्याकडे आता जनावर नव्हते आणि ते ठेवायला जागाही नव्हती. १८१५ला नेपोलियनशी चाललेले युद्ध संपले, सैनिक घरी परतले, धान्याचे भाव पडले आणि मजुरीही पडली. १८३०च्या सुमारास दक्षिण इंग्लंडमधल्या शेतमजुराला आठवड्याला आठ-दहा शिलिंग मिळत. एका बऱ्या मेंढीची किंमत त्याच्या दोन-तीन आठवड्यांच्या मजुरीइतकी होती आणि तिचे मांस घराला कित्येक दिवस पुरले असते.

तरीही सगळे मेंढीचोर म्हणजे उपाशी पोरांचे बाप, हे चित्र मला अर्धेच खरे वाटते. ऑस्ट्रेलियात पूर्वजांचा शोध घेणाऱ्या कुटुंबांना ते फार आवडते. पावाच्या तुकड्यासाठी सात समुद्रांपलीकडे धाडलेला पणजोबा कोणाला नको असतो? पण १७४१च्या कायद्याची प्रस्तावनाच वेगळी कथा सांगते. रात्री कुरणात शिरून एका दमात पुष्कळ मेंढ्या मारायच्या, कातडी तिथेच टाकून मांस न्यायचे. किंवा पोट फाडून नुसती आतली चरबी काढायची आणि बाकीचे धूड कुजायला सोडायचे, असे प्रकार चालत. चरबी मेणबत्त्या करणाऱ्यांना विकली जाई. हा पोटासाठीचा नव्हे, बाजारासाठीचा उद्योग होता. त्यात लंडनच्या आसपासचे कसाई सामील असत. घोड्याची चोरी तर बहुतेक वेळा धंदाच असे. रात्री पागेतून घोडा काढायचा, उजाडेपर्यंत तीस-चाळीस मैल दौडवायचा आणि ओळखीचे कोणी नसेल अशा जत्रेत विकून टाकायचा. म्हणून सोळाव्या शतकापासूनच जत्रेतल्या घोड्यांच्या विक्रीची वही ठेवण्याचा नियम होता. घोड्याचा रंग, खूण, विकणारा, घेणारा आणि विकणाऱ्याला ओळखणारा जामीन, एवढे त्यात लिहायचे. जामीन भाड्यानेही मिळत, हे वेगळे सांगायला नको.

चोर सापडे कसा? पोलीस नव्हते. लंडनचे पोलीस दल १८२९चे, खेड्यांत ते आणखी उशिरा पोचले. ज्याची चोरी झाली त्यानेच चोर शोधायचा, साक्षीदार गोळा करायचे, आणि खटल्याचा खर्चही सुरुवातीला स्वतःच्या खिशातून करायचा. १७४१च्या कायद्याने मेंढीचोराला शिक्षा मिळवून देणाऱ्यास १० पौंडांचे बक्षीस ठेवले होते ते यासाठीच. शेतकऱ्यांनी ठिकठिकाणी वर्गणी काढून मंडळे स्थापली. सभासदाचे जनावर गेले की मंडळ हस्तपत्रके छापून वाटे, बक्षीस जाहीर करी, वकील देई. बाकी सगळे खुणांवर अवलंबून होते. मेंढीच्या पाठीवर गेरूचा पट्टा किंवा डांबराचे अक्षर असे, कानाला मालकाच्या पद्धतीची खाच असे. म्हणूनच कातडे आणि मुंडके हे चोराचे खरे वैरी. ती पुरायची, तळ्यात फेकायची, नाहीतर कुरणातच सोडून जायची. मग शोध घेणारे झोपडीत शिरत आणि चुलीवरचे पातेले, मिठात घातलेला फरा, पलंगाखाली दडवलेले धूड बाहेर काढत. कोर्टात कसायाला बोलावले जाई. कुरणात सापडलेले कातडे आणि घरात सापडलेले मांस तो एकमेकांना लावून दाखवी. काप कुठे तिरका गेलाय, कातड्याला चरबीचा कोणता थर चिकटून राहिलाय, यावर माणसाचे आयुष्य ठरे.

ठरे, पण संपत नसे. फाशी सुनावलेल्या मेंढीचोरांपैकी फार थोड्यांना प्रत्यक्ष फाशी झाली. न्यायाधीश गावोगावच्या दौऱ्यावर येत, केसांच्या टोपावर काळा रुमाल ठेवून मरणाची शिक्षा वाचून दाखवत आणि पुढच्या गावी जाण्याआधी त्यातल्या बहुतेकांची नावे दयेसाठी लंडनला पाठवून देत. एकदोघांना मात्र फासावर जावे लागे, नाहीतर भीती उरली नसती. कोणाला वाचवायचे आणि कोणाला नाही हे गावातल्या प्रतिष्ठितांची शिफारस, आरोपीचे वय, त्या साली त्या भागात चोऱ्यांचा किती बोभाटा होता, यावर अवलंबून असे. एकाच अपराधाला एका परगण्यात दोर आणि दुसऱ्यात जहाज. वाचलेल्यांना मिळे ते जहाज.

गुन्हेगारांना समुद्रापार धाडण्याची पद्धत १७१८च्या कायद्याने पक्की केली. किरकोळ गुन्ह्याला ७ वर्षे, फाशीतून सुटलेल्याला सहसा १४. सरकारने हे काम व्यापाऱ्यांना ठेक्याने दिले. ठेकेदार माणसांना अमेरिकेला नेई आणि मेरिलँड-व्हर्जिनियातल्या मळेवाल्यांना त्यांची मुदत विकून टाके. पुढच्या सुमारे ५५ वर्षांत जवळजवळ ५०,००० माणसे अशी गेली. मग अमेरिकेने बंड पुकारले आणि हे गिऱ्हाईक बंद झाले. तुरुंग तुंबले. १७७६पासून टेम्स नदीत जुनी, शिडे उतरवलेली जहाजे नांगरून त्यांत कैदी कोंबले जाऊ लागले. तात्पुरती म्हणून केलेली ही सोय पुढे ऐंशी वर्षे टिकली. शेवटी १३ मे १७८७ रोजी पोर्ट्समथहून ११ जहाजे निघाली आणि आठ महिन्यांनी, जानेवारी १७८८मध्ये, आर्थर फिलिप यांच्या नेतृत्वाखाली सातशेहून अधिक कैदी ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर उतरले. १८६८पर्यंत त्यांच्या मागून आलेल्यांची एकूण संख्या १,६२,०००च्या आसपास भरते.

आपल्याला हद्दपारी म्हटले की अंदमान आठवते, आणि ते बरोबरच आहे. ते याच यंत्राचे दुसरे चाक होते. अंदमानची वसाहत १८५८ची. त्याच्या कितीतरी आधी मुंबई इलाख्यातले कैदी मॉरिशसला, सिंगापूरला धाडले जात होते. मेकॉलेच्या कायदा आयोगाला हिंदुस्थानात ही शिक्षा हवी होती ती काळ्या पाण्याची धास्ती ओळखूनच. १८६०च्या भारतीय दंडसंहितेत ती आली आणि १९५५मध्ये तिच्या जागी जन्मठेप येईपर्यंत राहिली. पण त्या संहितेत गुरांच्या चोरीला वेगळे कलम नव्हते. बैल चोरला काय आणि भांडे चोरले काय, साधी चोरी, जास्तीत जास्त तीन वर्षे. इंग्लंडमधला जमीनदार संसदेत बसून कायदे करत होता, हिंदुस्थानातला शेतकरी बसत नव्हता, एवढा फरक यामागे असावा असे मला वाटते.

समुद्रप्रवासाचे हाल मराठी वाचकाला सावरकरांमुळे अगदीच अनोळखी नाहीत, त्यामुळे इथे एकच हिशेब देतो. १७९०चा दुसरा ताफा गुलामांच्या व्यापारात मुरलेल्या एका लंडनच्या कंपनीकडे होता. ठेका माणशी १७ पौंड ७ शिलिंग ६ पेन्स, आणि तो जहाजावर चढवलेल्या माणसामागे. जिवंत उतरवलेल्या माणसामागे नव्हे. जो कैदी वाटेत मेला त्याचा शिधा वाचला, आणि उरलेला शिधा सिडनीत चढ्या भावाने विकता आला. त्या ताफ्यात चढवलेल्या सुमारे हजारातले अडीचशेहून अधिक वाटेत मेले. नंतर पैशांचा काही भाग माणूस सुखरूप पोचल्यावर देण्याची अट आली. १८१५नंतर प्रत्येक जहाजावर सरकारी शल्यवैद्य अधिकारी म्हणून नेमला जाऊ लागला आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. कैदी तेच, समुद्र तोच. बदलला तो ठेका आणि देखरेख.

आता खरी गंमत. वसाहत उभारायची तर जनावरे हवीत. फिलिप यांनी वाटेत केप ऑफ गुड होपला थांबून घोडे, मेंढ्या आणि थोडी गुरे विकत घेतली. त्या नव्या भूमीवरची गुरे म्हणजे दोन वळू आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या गाई. राखण्याचे काम साहजिकच एका कैद्याकडे दिले, आणि १७८८च्या हिवाळ्यात त्याच्या नजरेआड झालेली ती गुरे जंगलात निघून गेली. शोध घेतला, सापडली नाहीत. वसाहत पुढची काही वर्षे अर्ध्या शिध्यावर जगली. १७९५मध्ये नैर्ऋत्येला, नेपियन नदीपलीकडे, गुरांचा मोठा कळप दिसल्याची बातमी आली. गव्हर्नर जॉन हंटर स्वतः पाहायला गेले. साठाहून जास्त जनावरे, मजेत चरत होती! ती केपच्याच जातीची, वशिंडाची होती. सात वर्षे कोणी राखले नव्हते, कुंपण नव्हते, मालक नव्हता, आणि मालमत्ता दसपट झाली होती. सरकारने लगेच त्या भागाला ‘काउपाश्चर्स’ असे नाव दिले आणि काही वर्षांतच परवान्याशिवाय तिथे पाऊल टाकायला बंदी केली. त्या जमिनीवर हजारो वर्षे राहणाऱ्या धारावल लोकांना यात कोणी विचारले नाही. धारावल चित्रकारांनी मात्र एका गुहेत या विचित्र, खुरांच्या प्राण्यांची कोळशाने चित्रे काढून ठेवली. त्यातल्या वळूंना शिंगे नाहीत. ती ‘बुल केव्ह’ आजही आहे.

मेंढ्यांची वाट थोडी हिंदुस्थानातून गेली. जॉन मॅकार्थर हा लष्करी अधिकारी ऑस्ट्रेलियन लोकरीचा जनक म्हणून ओळखला जातो. १७९४मध्ये त्याने कलकत्त्याहून आलेल्या ६० बंगाली मेंढ्या घेतल्या आणि त्यांचा आयर्लंडच्या मेंढ्यांशी संकर केला. बंगाली मेंढीच्या अंगावर लोकर कसली, राठ केसच. पण संकरातून आलेल्या पिल्लांवर ती बरी दिसू लागली. १७९७मध्ये केपहून स्पॅनिश मेरिनो मेंढ्या आल्या आणि मग मागे वळून पाहावे लागले नाही. १८५०च्या सुमारास ब्रिटनमध्ये येणाऱ्या परदेशी लोकरीतला निम्म्याच्या आसपास वाटा ऑस्ट्रेलियाचा होता. यॉर्कशरच्या गिरण्या तिच्यावर चालत होत्या.

हे कळप राखले कोणी? कैद्यांनी. कैदी उतरला की सरकार त्याला एखाद्या खासगी मालकाच्या स्वाधीन करी. मालकाने अन्न, कपडे, छप्पर द्यायचे, पगार नाही. मेंढपाळाची खोपटी मालकाच्या घरापासून कित्येक मैल दूर. सकाळी तीनचारशे मेंढ्यांचा कळप घेऊन निघायचे, संध्याकाळी लाकडी ताट्यांच्या वाड्यात मोजून कोंडायचे. मोजणी चुकली तर जबाब, आणि निष्काळजीपणा ठरला तर मॅजिस्ट्रेटपुढे उभे करून फटके. रात्री डिंगो नावाचे रानटी कुत्रे. सोबतीला दुसरा एखादा कैदी, बहुधा न पटणारा. डॉर्सेटमध्ये एका मेंढीवर हात टाकला म्हणून ज्याच्यावर कोणी विश्वास ठेवला नसता, त्याच्या हवाली इथे चारशे मेंढ्या! त्या चोरून न्यायच्या कुठे आणि विकायच्या कोणाला, हा भाग वेगळा.

जनावरांच्या चोरीसाठी आलेल्यांत सगळ्यांत नशीबवान मेरी रीबी. लँकशरमधली ही अनाथ मुलगी तेरा वर्षांची असताना घोड्याच्या चोरीत सापडली, तीही मुलाच्या वेशात. पकडल्यावर तिने नाव सांगितले जेम्स बरो, आणि खटला त्याच नावाने चालला. ती मुलगी आहे हे नंतर उघड झाले. १७९०मध्ये स्टॅफर्डला तिला ७ वर्षांची हद्दपारी झाली आणि १७९२च्या ऑक्टोबरमध्ये ती ‘रॉयल ॲडमिरल’ जहाजाने सिडनीला पोचली. दोन वर्षांनी तिने थॉमस रीबीशी लग्न केले. हा ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजसेवेतून आलेला तरुण. दोघांनी धान्य, कोळसा, सीलची कातडी यांचा व्यापार केला, जहाजे घेतली. १८११मध्ये नवरा वारला तेव्हा पदरात सात मुले आणि पसरलेला धंदा होता. मेरीने तो नुसता सांभाळला नाही, वाढवला. १८१७मध्ये ऑस्ट्रेलियातली पहिली बँक सुरू झाली ती तिच्या मालकीच्या घरात. १९९४पासून ऑस्ट्रेलियाच्या २० डॉलरच्या नोटेवर तिचा चेहरा आहे: चष्मा, झालरीची टोपी, आणि आजीबाईची करडी नजर. घोडेचोराचे चित्र चलनी नोटेवर छापणारा दुसरा देश मला ठाऊक नाही. ही गोष्ट सांगितली की हद्दपारी म्हणजे संधीच होती असे वाटू लागते, म्हणून हेही सांगायला हवे की मेरीसारखी एखादीच. बाकी बहुतेकजण मुदत संपल्यावरही मजूरच राहिले, आणि परतीचे भाडे ज्याचे त्याने भरायचे असल्यामुळे बहुतेकांना घर पुन्हा दिसले नाही.

घोड्यांचीही एक मजा आहे. न्यू साउथ वेल्समध्ये पैदास झालेले दणकट घोडे एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानी फौजेसाठी हजारोंनी येऊ लागले. कलकत्ता, मद्रास, मुंबई या बंदरांत ते उतरत. न्यू साउथ वेल्सचे म्हणून त्यांचे नाव ‘वेलर’ पडले. रिसाल्यातल्या आणि तोफखान्यातल्या जुन्या माणसांच्या तोंडी ते नाव पुढेही बराच काळ राहिले. म्हणजे ज्या वसाहतीत इंग्लंडने आपले घोडेचोर पाठवले, तिच्याकडूनच पुढे साम्राज्य आपले घोडे विकत घेत होते.

इंग्लंडमध्ये दरम्यान फाशीचा धाक पोकळ झाला होता. ज्याचे जनावर गेले तोच फिर्याद द्यायला कचरू लागला. दोन मेंढ्यांपायी शेजाऱ्याचा जीव घेतल्याचे पाप कोणालाच नको होते, आणि पंचही दोषी ठरवायला कचरत. शिक्षा इतकी जड की ती उचलणेच मुश्किल. १८३२मध्ये खासदार विल्यम युअर्ट यांच्या विधेयकाने घोडा, मेंढी आणि गुरे यांच्या चोरीची फाशी रद्द झाली. तिच्या जागी आली जन्मभराची हद्दपारी, तीही सक्तीची. पुढे पाच वर्षांत तीही सैल करावी लागली. सुधारणा झाली ती अशी, एकेक पायरी.

आयर्लंडमध्ये मात्र जहाजे भरतच राहिली. डिसेंबर १८४०मध्ये टिपरेरी परगण्यात जॉन केली नावाच्या तरुणाने दोन डुकरे चोरली. सात वर्षांची शिक्षा घेऊन तो १८४२च्या जानेवारीत टास्मानियातल्या होबार्टला उतरला. त्यानंतर तीन-चार वर्षांत बटाट्यावर रोग पडला, दुष्काळ आला आणि मेंढ्या-गुरांच्या चोऱ्यांचे खटले कित्येक पटींनी वाढले. तुरुंगात निदान जेवण मिळते आणि जहाज निदान इथून नेते, अशा विचाराने मुद्दाम गुन्हा करून पकडले जाणारेही निघाले. जॉन केली मुदत संपवून व्हिक्टोरियात आला, लग्न केले, शेती केली. ती काही धड चालली नाही. १८६५मध्ये त्याच्याकडे एका वासराचे कातडे सापडले. ज्या जागी डाग देऊन मालकाची खूण केलेली असते, तेवढाच तुकडा त्यातून कापून काढलेला होता. गुरेचोरीचा आरोप टिकला नाही, पण कातडे बाळगल्याबद्दल २५ पौंड दंड किंवा सहा महिने कैद झाली. पुढच्याच वर्षी तो वारला. मुलगा नेड तेव्हा बारा वर्षांच्या आतबाहेरचा. सोळाव्या-सतराव्या वर्षी त्याला चोरीची घोडी बाळगल्याबद्दल तीन वर्षे झाली, पुढे त्याने टोळी जमवून घोडेचोरीचा धंदाच मांडला, पोलिसाला ठार केले आणि ११ नोव्हेंबर १८८० रोजी मेलबर्नच्या तुरुंगात तो फासावर गेला. ऑस्ट्रेलियात आज त्याच्यावर चित्रे, चित्रपट, कादंबऱ्या आहेत. बापाच्या दोन डुकरांबद्दल कोणी बोलत नाही.

पूर्व किनाऱ्यावर हद्दपारी हळूहळू बंद झाली. न्यू साउथ वेल्समध्ये १८४०ला, टास्मानियात १८५३ला. पश्चिम ऑस्ट्रेलियाने मात्र मजूर हवेत म्हणून १८५०मध्ये कैदी मागवून घेतले आणि शेवटचे जहाज १८६८च्या जानेवारीत फ्रीमँटलला लागले. त्या बंदराच्या समोरच समुद्रात रॉटनेस्ट नावाचे बेट आहे. तिथल्या मूळ रहिवाशांच्या नूंगार भाषेत वाजमप. १८३८पासून तिथे आदिवासी कैद्यांचा तुरुंग होता. त्यांतल्या अनेकांचा गुन्हा काय? मेंढी मारली, गाईला भाला मारला. त्यांच्या पाणवठ्यांवर आणि शिकारीच्या रानांत मेंढ्या येऊन बसल्या होत्या, कांगारू हटले होते, आणि जे समोर चरत होते ते त्यांनी खाल्ले. त्यांना गळ्यात साखळ्या घालून शेकडो मैल चालवत किनाऱ्यावर आणले जाई आणि होडीतून बेटावर नेले जाई. सुमारे ४,००० माणसे त्या बेटावर कैद भोगून गेली. शेकडो तिथेच पुरली गेली. एकाच किनाऱ्यावर एका बाजूला सफोकचा मेंढीचोर उतरत होता आणि दुसऱ्या बाजूने त्या जमिनीचा जुना धनी मेंढीचोर म्हणून समुद्रात नेला जात होता. इंग्लंडमध्ये कुंपण आधी आणि चोर नंतर. इथे तर कुंपणही आले नव्हते, फक्त मेंढी आली होती.

गोऱ्या वसाहतवाल्यांच्या स्वतःच्या डोक्यातून मात्र गुरेचोरी हा मोठा गुन्हा आहे ही कल्पना हळूहळू निघून गेली. १८७०मध्ये हॅरी रेडफर्ड नावाच्या गुराख्याने क्वीन्सलँडमधल्या बोवेन डाउन्स या अवाढव्य कुरणातून सुमारे १,००० गुरे काढली आणि कोरड्या वाळवंटी मुलखातून हजाराहून अधिक किलोमीटर हाकत दक्षिण ऑस्ट्रेलियात नेऊन विकली. तोवर त्या वाटेने इतका मोठा कळप कोणी नेला नव्हता. चूक एकच झाली: कळपात एक परदेशातून आणलेला पांढरा वळू होता, तो वाटेत विकला आणि ओळखला गेला. १८७३मध्ये रोमा गावी खटला उभा राहिला, वळू स्वतः पुरावा म्हणून हजर केला गेला आणि पंचांनी निकाल दिला: निर्दोष. न्यायाधीश थक्क झाले. निकालाने सरकार इतके चिडले की रोमाच्या कोर्टाचा फौजदारी खटले चालवण्याचा अधिकारच दोन वर्षांसाठी काढून घेतला. रेडफर्डचे पुढे काय झाले? १८८०च्या दशकात उत्तर ऑस्ट्रेलियात ब्रुनेट डाउन्स नावाचे प्रचंड गुरांचे कुरण वसवायचे होते. एवढी गुरे एवढ्या लांब नेऊ शकेल असा माणूस मालकांना हवा होता. त्यांनी रेडफर्डला कामावर घेतले, आणि पुढे तोच त्या कुरणाचा व्यवस्थापक झाला.